फोटोशॉप उघडतानाच मेमरीचा एरर येतोय? आधी डिस्क बघा

लगेच नवी रॅम घ्यायला धावू नका. फोटोशॉप सुरू होतानाच स्क्रॅच डिस्क भरल्याचा किंवा मेमरी अपुरी असल्याचा मेसेज आला, तर गडबड बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर असते. रॅममध्ये जे मावत नाही ते फोटोशॉप डिस्कवरच्या मोकळ्या जागेत ठेवतं. तीच स्क्रॅच डिस्क. ती भरली असेल तर १६ जीबी रॅम असूनही प्रोग्रॅम अडतो.

आधी एवढंच करा:

१. फोटोशॉप बंद ठेवून टेम्प फोल्डर (तात्पुरत्या फाइल्स जिथे साठतात तो) उघडा. ‘फोटोशॉप टेम्प’ने सुरू होणाऱ्या फाइल्स शोधा. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की त्या मागे राहतात, कधीकधी कित्येक जीबीच्या. बिनधास्त उडवा आणि रिसायकल बिनही रिकामा करा, नाहीतर जागा सुटतच नाही.

२. तरीही अडलं तर आयकॉनवर डबलक्लिक करताच कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा (मॅकवर कमांड आणि ऑप्शन). स्क्रॅच डिस्क निवडायची चौकट येईल. तिथे मोकळी जागा असलेला दुसरा ड्राइव्ह द्या. पेन ड्राइव्ह नको, फार संथ पडतो.

नवीन मंडळी हमखास एक चूक करतात: फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमधल्या (सेटिंग्जमधल्या) परफॉर्मन्समध्ये जाऊन रॅमचा वाटा थेट १०० टक्के करतात. मग विंडोजलाच काही उरत नाही आणि सगळं आणखी रखडतं. मूळचे ७० टक्केच राहू द्या.

तिथल्याच कॅशे लेव्हल, टाइल साइज वगैरे बाकीच्या सेटिंग्जना सध्या हात लावू नका. एवढं करून पाहा, जमेल तुम्हाला. नाहीच उघडलं तर कुठल्या ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते कळवा, मग पुढचं बघू.