विक्रीचा आकडा पाहून हुरळू नका
कंपन्यांचा अभ्यास नव्याने सुरू करताय, तर आधी नोकिया घ्या. २००७ च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी जवळपास चार नोकियाचे होते. आयफोनही त्याच वर्षी आला. नोकियाच्या ताळेबंदात तेव्हा काही बिघडलेलं दिसत नव्हतं. म्हणून सांगतो, बाजारातला हिस्सा नंतर बघा, ॲप बनवणारे कुणाकडे वळताहेत ते आधी बघा. सिंबियनवर, म्हणजे नोकियाचे स्मार्टफोन ज्या सॉफ्टवेअरवर चालायचे त्यावर, ॲप लिहिणं फार किचकट होतं. ती मंडळी ॲपल आणि अँड्रॉइडकडे गेली, मागोमाग गिऱ्हाईकही. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या सॉफ्टवेअरची कास धरली, पण उशीर झाला होता. २०१४ मध्ये हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत दाखवले. नोकिया मात्र मोबाइल नेटवर्कची यंत्रणा पुरवण्याच्या धंद्यावर तगली. अभ्यास करताना तो भाग अजिबात सोडू नका.