दंड की तडजोड?

वाशीतल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या ताईंचे पत्र आले आहे. केंद्राच्या फळ्यावर त्या दर पंधरवड्याला ग्राहकांच्या उपयोगाच्या चार बातम्या मराठीत लिहून लावतात. अमेरिकी सरकार आणि ॲमेझॉन यांच्यात प्राइमच्या वर्गणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये सेटलमेंट झाली, ती बातमी त्यांनी 'ॲमेझॉनला अडीच अब्ज डॉलरचा दंड' अशी लिहिली होती. एका ज्येष्ठ सभासदांनी ती खोडून 'सरकारची ॲमेझॉनशी तडजोड' असे केले. दुसऱ्या दिवशी फळा वाचणाऱ्या दोघा-तिघांनी विचारले, "म्हणजे सरकार नमलं का?" ताई विचारतात: बरोबर कोणते? दुसरे काही लिहावे का? आणि इंग्रजी बातमीतल्या 'डिसेप्टिव्ह'चा अर्थ फसवणूकच ना?

ताई, शब्द सभासदांचा बरोबर आहे आणि खटकला तोही योग्य जागी खटकला आहे. खटकण्याचे कारण 'तडजोड' या शब्दात नाही, त्याच्या मागे लागलेल्या 'शी' या प्रत्ययात आहे.

मिठाईच्या दुकानातली पाटी आठवा: 'दर्जाशी तडजोड नाही.' भाषणात ऐकतो: 'तत्त्वांशी तडजोड करणार नाही.' इथे 'शी' ज्याला लागला आहे ती वस्तू तडजोडीत जाते, तिचे पाणी कमी होते. उलट 'भावाशी तडजोड केली' म्हटले की भाऊ हा दुसरा पक्ष असतो. त्याच्याबरोबर बसून वाद मिटवला, इतकाच अर्थ. एकच प्रत्यय दोन वेगळी कामे करतो, आणि आजकाल पहिला वापर इतका कानावर पडतो की दुसऱ्यालाही त्याचा रंग लागला आहे. त्यात कर्ता 'सरकार' आले. सरकारने कोणाशी तडजोड करणे म्हणजे काहीतरी सोडून देणे, असे मन आपोआप धरते. म्हणून हा शब्द ठेवा, वाक्य बदला. 'सरकार आणि कंपनी यांच्यातला खटला तडजोडीने मिटला' असे लिहिले की कोणी नमल्याचा वास येत नाही.

'मिटला' लिहा, 'मिटवला' नको, हेही याच ओघात सांगतो. 'प्रकरण मिटलं' म्हणजे संपले. 'प्रकरण मिटवलं' म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, किती देऊन? एका 'व'ने एवढा फरक पडतो, आणि तो कोणत्याही व्याकरणाच्या वर्गात शिकवलेला नसतो. ठाण्यातल्या कोणत्याही चाळीतल्या माणसाला तो उपजत कळतो.

आता 'दंड'. तुमचा मथळा पूर्ण चूक नव्हता, पण रकमेत चूक होती. अडीच अब्जांपैकी एक अब्ज डॉलर हा खरोखरच दिवाणी दंड आहे, तो सरकारजमा. उरलेले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले, सुमारे साडेतीन कोटी ग्राहकांना, प्रत्येकी जास्तीत जास्त ५१ डॉलर. जे पैसे ज्यांचे होते त्यांना परत जातात, त्याला दंड म्हणता येत नाही. तो 'परतावा'. तुमच्या फळ्यासमोर उभा राहणारा माणूस ग्राहक आहे. त्याच्या दृष्टीने बातमीतला मोठा भाग हाच आहे, आणि 'अडीच अब्जांचा दंड' या मथळ्यात तो नाहीसा होतो.

तिसरी गोष्ट दोन्ही मथळ्यांत आली नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. अशा तडजोडीत कंपनी बहुधा चूक कबूल करत नाही. ॲमेझॉननेही केली नाही. सिएटलच्या न्यायालयात ज्युरीपुढे सुनावणी सुरू होऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते, तेवढ्यात हे ठरले. म्हणजे पैसे दिले, पुढे कसे वागायचे याची हमी दिली, पण 'आम्ही चुकलो' असे लिहून दिले नाही.

हे मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. ठाण्याच्या न्यायालयात मी बरीच वर्षे भाषांतराचे काम करत होतो. लोकअदालतीच्या दिवशी घणसोलीत घर घेतलेले एक निवृत्त गृहस्थ आले होते. माहितीपुस्तिकेत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' छापलेले, प्रत्यक्षात चालत पंचवीस. शिवाय जाहिरातीतली बाग कधी झालीच नाही. आकडा ठरला, दोन्ही बाजू तयार झाल्या, आणि तडजोडीची पुरसीस लिहायला घेतली. ('पुरसीस' हा आपल्याकडच्या कोर्टातला रोजचा शब्द. पक्षकाराने न्यायालयाला लेखी कळवलेले म्हणणे म्हणजे पुरसीस.) कारकुनाने सवयीने लिहिले, 'सामनेवाले यांनी आपली चूक मान्य करून तक्रारदारास सदर रक्कम देण्याचे कबूल केले आहे.' विकासकाच्या वकिलांनी पेन काढले, 'आपली चूक मान्य करून' या चार शब्दांवर रेघ मारली, वर बारीक अक्षरात लिहिले, 'वाद न वाढवता', आणि शेजारी सही केली. गृहस्थांनी चष्मा चढवून ते वाचले आणि विचारले, "मग हे पैसे कशाचे देतायत?" पॅनेलवरच्या न्यायाधीशबाई म्हणाल्या, "काका, वाद संपल्याचे." ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग त्यांनी सही केली.

त्या खोडलेल्या चार शब्दांत सेटलमेंटचा सगळा अर्थ आहे. म्हणून तुमच्या बातमीत 'आरोप मान्य न करता' हे शब्द यायलाच हवेत. ते गाळले तर कंपनीवर अन्याय होतो, कारण न सिद्ध झालेले सिद्ध झाल्यासारखे दिसते; आणि ग्राहकाचाही तोटा होतो, कारण कंपनीने काय दिले नाही हे त्याला कळत नाही.

हा भेद आपल्या भाषेला नवा नाही. मराठेशाहीत वादाचा निवाडा झाला की जिंकणाऱ्याला जितपत्र मिळे, आणि हरणाऱ्याला यजितखत लिहून द्यावे लागे: मी हरलो, माझा दावा खोटा. जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी. हरणारा जी रक्कम भरी तिचे नाव होते 'गुन्हेगारी'. आज आपण गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्यांचा बुजबुजाट समजतो. तेव्हा तो दंडाचा शब्द होता. त्या भाषेत बोलायचे तर सेटलमेंटमध्ये कोणाला जितपत्र मिळत नाही आणि कोणी यजितखत लिहून देत नाही.

आणि या प्रकारच्या कागदालाही शब्द होता: राजीनामा. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा लेख. वादी-प्रतिवादींनी आपसात मिटवून 'आम्ही राजी आहोत' असे लिहून दिले की तो राजीनामा. हिंदी पट्ट्यातल्या न्यायालयांत आजही 'राजीनामा हो गया' म्हणजे तडजोड झाली. आपल्याकडे तो नोकरी आणि पद सोडण्यापुरता उरला, नाहीतर यासारखा नेमका शब्द दुसरा नव्हता. राजी होणे वेगळे आणि कबूल होणे वेगळे, हे त्यात आपोआप येत होते. आज तो फळ्यावर लिहिलात तर लोक विचारतील कोणत्या अधिकाऱ्याने दिला, म्हणून सुचवत नाही. पण मनापासून हळहळ वाटते.

बाकीचे शब्द झटकन पाहू. 'समेट' आणि 'सलोखा' यांत मने जुळणे अपेक्षित आहे. ते भाऊबंदकीत, गावात, दोन गटांत होतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, घरखरेदीदार आणि विकासक यांच्यासाठी जे मंच केले त्यांना सलोखा मंच म्हणतात, ते ठीक, कारण तिथे दोघांना पुढे एकाच इमारतीच्या कामात राहायचे असते. पण सरकारची यंत्रणा आणि कंपनी यांच्यात सलोखा झाला म्हटले तर भलतेच वाटेल. 'तह' दोन सत्तांचा. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि आपले ठाणे साष्टीतच आहे. कंपनी या शब्दाशी आपण एकेकाळी तह केले, आता नको. 'तोडगा' संपाला, पाणीप्रश्नाला निघतो. 'समझोता' चालतो, पण 'सामंजस्य करार' हा शब्द वेगळ्या कागदासाठी रूढ झाला आहे, त्याच्याशी गोंधळ होतो. 'मांडवली' बोलण्यात कितीही चपखल वाटली तरी तिला धाकदपटशाचा वास आहे; कायद्याने झालेल्या गोष्टीला ती लावू नये.

तडजोड हा शब्द सरकारी कामात किती मुरलेला आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. घोडबंदर रोडवर सिग्नल तोडला आणि मोबाइलवर ई-चलन आले की आपण म्हणतो 'पाचशेचा दंड बसला'. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ते असते तडजोड शुल्क: तुम्ही ही रक्कम भरा, आम्ही खटला भरत नाही. न्यायालयाने शिक्षा म्हणून बसवला तर तो दंड. बेकायदा बांधकाम नियमित करण्याच्या बाबतीत हीच कल्पना 'प्रशमित संरचना' या २०१७ च्या नियमांच्या नावात आली. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींच्या वेळी नवी मुंबईत तो शब्द घरोघर ऐकू येत होता, आणि अर्थ फार थोड्यांना कळत होता. 'तडजोड' तिथेही चालली असती.

'डिसेप्टिव्ह'बद्दल तुमचा प्रश्न. फसवणूक म्हणू नका. फसवणूक हा आपल्याकडे फौजदारी शब्द आहे. जुने ४२० कलम, आता भारतीय न्याय संहितेचे ३१८. तिथे अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. ॲमेझॉनवर खटला भरणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन. तिच्या कायद्यात, ज्याखाली असे बहुतेक दावे होतात, हेतू सिद्ध करावा लागत नाही. समंजस ग्राहकाचा गैरसमज होण्याजोगे काही सांगितले किंवा लपवले, आणि त्या गैरसमजाने ग्राहकाचा निर्णय बदलण्याजोगा असला, की पुरे. यासाठी आपल्या ग्राहक कायद्याच्या मराठीत शब्द तयार आहे: 'दिशाभूल करणारी'. जाहिरात असेल तर दिशाभूल करणारी जाहिरात, एकूण वागणूक असेल तर अनुचित व्यापारी प्रथा.

दिशाभूल हा शब्द तर मला फार आवडतो. कोकणात रात्री ओळखीच्या रानातही माणूस गोल गोल फिरत राहतो, त्याला आपण चकवा लागला म्हणतो. त्याची दिशाच भुललेली असते. प्राइमवरच्या तक्रारीत सरकारचे म्हणणे नेमके हेच होते: वर्गणी सुरू होते न कळत, आणि बंद करायला गेले की चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय. भारताने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. तिथे शब्द 'डार्क पॅटर्न'. माझे मत विचाराल तर एकेका युक्तीला 'चकवा' म्हणावे. वर्गणीचा चकवा. वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागणार नाही.

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जेव्हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आदेश काढते, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, तेव्हा तो सरळ दंड असतो. तिथे 'तडजोड' लिहिलेत तर चूक होईल. उलट शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी सेटलमेंटचा आदेश काढते, त्यात आरोप मान्य वा अमान्य न करता असे म्हटलेले असते. स्पर्धा आयोगालाही मार्च २०२४ पासून तो मार्ग खुला झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरले ते या मार्गाने. या दोन्ही ठिकाणी तडजोडच. कोणत्या यंत्रणेचा कोणता कागद आहे ते आधी पाहा, मग शब्द ठरवा.

तर फळ्यावरची बातमी मी अशी लिहिली असती:

'प्राइमच्या वर्गणीबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याचा अमेरिकी सरकारचा ॲमेझॉनविरुद्धचा खटला तडजोडीने मिटला. आरोप मान्य न करता कंपनी अडीच अब्ज डॉलर देणार: दीड अब्ज ग्राहकांना परत, एक अब्ज दंड. वर्गणी नाकारण्याचे बटण स्पष्ट दाखवण्याची आणि ती रद्द करणे सोपे करण्याची अटही कंपनीवर आहे.'

'कथित' हा शब्द मी घेतला नाही. 'दिशाभूल केल्याचा खटला' म्हटले की आरोप हा आरोपच राहतो, आणि 'केल्याचा' हे आपले साधे रूप ते काम शांतपणे करते. मथळ्याला जागा कमी असेल तर 'प्राइम वर्गणी: ॲमेझॉन खटल्यात तडजोड, ग्राहकांना दीड अब्ज परत' एवढे पुरे. खडू रंगीत असेल तर 'परत' हा शब्द वेगळ्या रंगात लिहा.