गुळाचा खडा

"मॅडम, सांगायलाही लाज वाटते."

मी समुपदेशक आहे. गेल्या वर्ष-दीड वर्षात या वाक्याने सुरू झालेल्या भेटी मी मोजल्या नाहीत, पण पुढचं वाक्य काय येणार हे आता मला आधीच कळतं. लाज चहाची असते, म्हणजे कामाच्या जागी झालेल्या एखाद्या छोट्याशा काटकसरीची. पतसंस्थेत काम करणाऱ्या एका ताईंचा दुपारचा चहा बंद झाला. शोरूममधल्या एका मुलाला जुनी रिफिल जमा केल्याशिवाय नवं पेन मिळत नाही. एका खासगी दवाखान्यातल्या सिस्टर बेसिनजवळ ठेवायच्या साबणाची वडी मधोमध कापतात. कॉलेजातल्या एका सरांना प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी तीन सह्या घ्याव्या लागतात. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. पगार वेळेवर होतोय, नोकरी शाबूत आहे, मग एवढ्याशा गोष्टीचं मला एवढं का लागतं? माझ्यातच काही बिघडलंय का?

तुमच्यात काही बिघडलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण "मनावर घेऊ नका" हा सल्लाही मी देत नाही, कारण ते मनावर आधीच घेतलेलं असतं. का लागतं याचं उत्तर मला ज्यांनी शिकवलं, त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, ते स्टोअर सांभाळतात. नोकरीला १९ वर्षं झाली. कारखान्यात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन. आणलं त्यांना वहिनींनी. झोप उडालेली, रक्तदाब वाढलेला, दहावीतल्या मुलावर कारण नसताना ओरडणं सुरू, आणि रात्री जेवणानंतर रंकाळ्यावर एक फेरी मारायची वर्षानुवर्षांची सवय मोडलेली.

पहिल्या भेटीत दादांनी खिशातून डायरी काढली आणि यादी वाचली. चहा दोनदाचा एकदा झाला, कपही लहान आला. दुधाच्या जागी पावडर आली. एक सोडून एक ट्यूब काढली. हातमोजे महिन्याला चार जोड मिळायचे, ते दोन झाले. दिवाळीची मिठाई किलोवरून अर्ध्यावर आली. "आणि गूळ बंद," हे त्यांनी घाईत म्हटलं आणि पान उलटलं. ती घाई मी ऐकली. पण तिचा अर्थ लावायला मला पुढे चार भेटी लागल्या.

फाउंड्रीतला गूळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोल्डिंगला, म्हणजे साचे बनवताना, वाळूची धूळ, फेटलिंगला कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) घासताना उडणारी धूळ. पाळी सुटली की घसा मोकळा व्हावा म्हणून कामगाराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, ही जुनी रीत. गूळ खाऊन छातीतली धूळ निघत नाही. तिथे चांगला मास्कच लागतो आणि त्यात तडजोड नको. पण आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी ठेवतात. तो खडा म्हणजे, तू दमून आलास हे मला दिसलं, एवढं सांगणं असतं.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारसरणीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. घडलेली गोष्ट आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपणच स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं, ते शोधायचं, हा तिचा गाभा. तेवीस वर्षं मी हेच करते आहे आणि या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास आहे. दादांच्या बाबतीतही ते वाक्य लवकर सापडलं.

"एकोणीस वर्षं दिली मॅडम, आणि माझी किंमत काय, तर अर्धा कप चहा."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

"मालक म्हणाले?"

"न्हाई."

"मग हे वाक्य कुणाचं?"

बराच वेळ ते खिडकीतून खाली राजारामपुरीतली रहदारी बघत बसले. मग म्हणाले, "माझंच."

चहाचा कप मालकांनी लहान केला, पण त्या कपाने स्वतःला मोजायचं काम दादा स्वतःच करत होते. हे कळल्यावर राग उतरला, मुलाशी बोलणं सुरळीत झालं. झोप मात्र येईना. राग गेला आणि झोप आली नाही, तर खालचं काहीतरी आपण अजून पाहिलेलं नाही, एवढं अनुभवाने मला कळतं.

ते दाखवलं वहिनींनी. एकदा त्या सोबत आल्या होत्या. निघता निघता दादांसमोरच म्हणाल्या, "मॅडम, यांना विचारा की, गाडीच्या डिकीत गूळ कशाला ठेवतात? मुंग्यांनी वैताग आणलाय."

दादांचा चेहरा उतरला. वहिनींना मी बाहेर बसायला सांगितलं.

"गूळ कुणासाठी?" मी विचारलं.

मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. खूप वेळाने दादा बोलायला लागले. कारखान्यात खर्च कमी करायचं ठरलं. धाकटे मालक त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तुम्हाला स्टोअरची नस न् नस ठाऊक आहे. कुठं वाचवता येईल, लिहून द्या." दादा रात्री बारापर्यंत बसले. चौदा बाबी काढल्या. "खरं सांगू? आनंद झाला हुता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं." आठव्या ओळीत त्यांनी गूळ लिहिला. ६० माणसं, माणशी ३० ग्रॅम, दिवसाला १ किलो ८०० ग्रॅम. ५० रुपये किलोने २६ दिवसांचे २,३४० रुपये.

"बंद झाला त्या दिवशी पाळी सुटली. मोल्डिंगचे मामा, रिटायरला दोन वर्षं राहिलीत त्यांची, सवयीनं स्टोअरच्या खिडकीत आले. हात पुढं केला. मी म्हटलं, मामा, गूळ बंद झाला. ते म्हणाले, 'असू दे, असू दे.' आणि हात पँटीला पुसला." दादा थांबले. "रिकामा हात पुसला, मॅडम."

त्यानंतर महिन्याला गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप, ते शाहू मार्केट यार्डातून स्वतःच्या पैशाने आणत होते. मामांना आणि त्यांच्या पाळीतल्या सात-आठ जणांना गुपचूप देत होते. घरात आणि कारखान्यात कुणालाच बोलले नव्हते.

इथे मला माझी दिशा बदलावी लागली. चार भेटी मी मालकांवरचा राग सोडवत होते आणि तो सुटलाही. पण डायरीतली ती यादी मुळात दादांचीच होती. मालकांना लावलेला प्रत्येक आरोप आतून त्यांच्यावरच येत होता. "माझ्या हातून असं व्हायलाच नको होतं" हा हट्ट त्यांना जागं ठेवत होता. पश्चात्ताप आणि अपराधगंड यांतला फरक मी नेहमी सांगते, पण इतका स्वच्छ क्वचितच पाहायला मिळतो. पश्चात्ताप म्हणतो, माझं चुकलं, आणि चूक दुरुस्त करायला उठतो. अपराधगंड म्हणतो, मीच वाईट, आणि लपून दंड भरत बसतो. डिकीतला रवा हा दंड होता. महिन्याला भरायचा आणि कधीच न फिटणारा.

त्या रात्री मी माझ्या जुन्या नोंदी काढून बसले. साबण कापणाऱ्या सिस्टर. रिफिल मोजून घेणारा तो मुलगा. चहा बंद झाल्याची सूचना टाइप करणाऱ्या पतसंस्थेतल्या ताई. त्रास सहन करणारे म्हणून आलेली ही माणसं तो त्रास दुसऱ्यांपर्यंत पोचवणारीही होती. काटकसर ठरते वर केबिनमध्ये, पण सहकाऱ्याच्या तोंडावर "नाही" म्हणावं लागतं ते खालच्याच कुणालातरी. तेव्हापासून अशी तक्रार आली की मी आधी विचारते, हे राबवायचं काम कुणाकडे आहे? बऱ्याचदा खोलीत शांतता पसरते आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. माझ्या कामातली ही मला फार मोलाची वाटणारी शिकवण आहे आणि ती पुस्तकातून आली नाही.

दादांना मी म्हणाले, गूळ आणणं थांबवा आणि मामांशी बोला.

"पाया पडू का?"

"नको. दोनच वाक्यं. 'मामा, गूळ बंद करा असं मी लिहून दिलं होतं. ते माझं चुकलं.' पुढे काही जोडायचं नाही. मालकांनी सांगितलं होतं, परिस्थिती होती, यातलं काही नाही."

आम्ही त्याची तालीम केली. पहिल्या दोन वेळी तिसरं वाक्य आपोआप निघालंच. पुढच्या आठवड्यात दादा आले ते बसायच्या आधीच सांगू लागले. मामा म्हणाले होते, "आरं, ठाऊक हाय मला. बोर्डावर लावलेल्या यादीतलं अक्षर तुझंच की."

"मग माझ्याकडनं गूळ का घेत हुता?"

"तू देत हुतास म्हणून."

त्या रात्री दादा सलग सहा तास झोपले. वहिनींनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

आता मालकांचा प्रश्न उरला होता. दादांना मी एक गोष्ट निक्षून सांगितली, समोरच्याला खलनायक करून बोलायला जाऊ नका. महाराष्ट्रातली वीज शेजारच्या कर्नाटकापेक्षा महाग पडते, हे गाऱ्हाणं आपले फाउंड्रीवाले वर्षानुवर्षं मांडतात आणि ते खोटं नाही. भट्टी विजेवर चालते. वाहन कंपन्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या की पहिला धक्का इथे बसतो. खर्च कमी करणं हा गुन्हा नाही. प्रश्न कुठून कापायचं आणि कसं सांगायचं हा आहे.

म्हणून आम्ही त्या चौदा बाबी पुन्हा मांडल्या, रुपये बाजूला ठेवून. कशाने नुसती गैरसोय होते, कशाने माणूस दुखावतो, कशाने इजा होऊ शकते. लहान कप ही गैरसोय आहे, सवय होते. फाटक्या हातमोज्यांनी कास्टिंग उचलणं आणि भट्टीजवळचा अंधार हे इजेचं काम आहे, तिथे काटकसर हा शब्दच लागू होत नाही. तुमच्याही कामाच्या जागी असं काही चाललं असेल तर आधी एवढी वाटणी करून बघा. पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह यांना कात्री लागली असेल तर संकोच अजिबात नको. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कारखान्यांत ती मालकाची जबाबदारी आहे आणि २०२० च्या कामगार संहितेतही ती कायम आहे. ज्या बाबी नुसत्या गैरसोयीच्या आहेत त्या खुशाल सोडून द्या. सगळ्या चौदा ओळींसाठी भांडणारा माणूस हातमोज्यांसाठीही ऐकला जात नाही.

बोलता बोलता दादा म्हणाले की यादी लागल्यापासून स्टोअरमधून कटिंग डिस्क आणि ग्राइंडिंग व्हील नाहीशी व्हायला लागली आहेत, पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मला संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवला. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एकीकडे वरिष्ठांनी कामगारांना कारण सविस्तर समजावलं, खेद व्यक्त केला. दुसरीकडे थोडक्यात उरकलं. कपात सारखीच होती, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या, आणि पगार पूर्ववत झाल्यावर पुन्हा खाली आल्या. हे वाचणाऱ्यांत कुणी मालक किंवा व्यवस्थापक असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बोर्डावर कागद चिकटवून मोकळे होऊ नका. पाळी बदलताना दहा मिनिटं समोर उभे राहा. आकडा सांगा, किती दिवसांसाठी ते सांगा, आणि पहिली कात्री स्वतःच्या केबिनला लावा. ज्याच्याकडून यादी करून घेतली, त्याला एकट्याला खिडकीत उभं करू नका.

दादा धाकट्या मालकांना भेटले. हातमोजे पुन्हा चार जोड झाले. भट्टीजवळच्या ट्यूब परत लागल्या. चहा एकदाच राहिला, कपही लहानच. धाकटे मालक मात्र एका सोमवारी पाळी सुटताना स्वतः उभे राहून बोलले आणि दर सहा महिन्यांनी आढावा घेऊ असं सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यांना ते आधी सुचलं नव्हतं इतकंच, असं दादांचं मत. मलाही ते पटतं.

शेवटच्या भेटीत मी गुळाचं विचारलं. अजून बंदच आहे, दादा म्हणाले. मामा पाळी सुटली की खिडकीपाशी येतात, दोन मिनिटं बोलतात आणि जातात. आढाव्याची यादी करायचं काम पुन्हा दादांकडेच आलं आहे. ती त्यांनी मला दाखवली. पहिल्या ओळीत गूळ, पुढे २,३४० रुपये, त्यापुढे 'सुरू करावा', आणि खाली स्वतःची पूर्ण सही.