‘जर्नीमन मिडफिल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या एका फुटबॉलपटूच्या परिचयात त्याला ‘जर्नीमन मिडफिल्डर’ म्हटलंय. त्याचं ‘भटका मध्यरक्षक’ चालेल का? आणि हा शब्द कौतुकाचा की हिणवणारा?

‘भटका’ नको. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास हे डोक्यात पक्कं बसल्यामुळे तो शब्द सुचतो, पण इथला ‘जर्नी’ फ्रेंच ‘जुर्ने’वरून आला आहे, आणि त्याचा अर्थ दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या जुन्या कारागीर संघांत तीन पायऱ्या असत. आधी उमेदवारी, मग जर्नीमन, शेवटी उस्ताद. उमेदवारी संपवलेला, हातात पूर्ण कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसल्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात रोजावर काम करणारा तो जर्नीमन. (जर्मन मुलखात अशा कारागिरांनी काही वर्षं गावोगाव फिरून काम करण्याची रीत होती खरी, पण शब्द त्यावरून आलेला नाही.)

खेळात हा शब्द आला तो याच अर्थानं: काम चोख करणारा, पण तारा नसलेला. त्यात अनेक क्लब बदलल्याची छटा पुढे मिसळली आणि आज फुटबॉलमध्ये तीच ठळक आहे. शिवी नाही, पण मोठं कौतुकही नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र जपून. तिथे नवोदितांना अनुभव मिळावा म्हणून रिंगणात उतरणाऱ्या, बहुतेक लढती हरणाऱ्या मुष्टियोद्ध्याला जर्नीमन म्हणतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० लढती लढला, त्यांतल्या २५६ हरला.

मराठी पर्यायांत ‘भाडोत्री’ निष्ठेवरच संशय घेतो. ‘रोजंदार’ मुळाला धरून आहे, पण खेळाडू करारावर असतो, शिवाय त्या शब्दातून कसब हरवतं. नुसत्या ‘कसबी’त कौतुक थोडं जास्त होतं. मला ‘फिरता कसबी’ सर्वांत जवळचा वाटतो. फिरता विक्रेता, फिरतं वाचनालय यांतल्या ‘फिरता’ला काम असतं, ठरलेली वाट असते; ‘भटक्या’ला ती नसते. ललित लेखनात ‘बारा क्लबांचं पाणी प्यालेला’ झकास बसेल, मात्र त्यात बेरकीपणा येतो हे लक्षात ठेवावं.

‘मध्यरक्षक’ वृत्तपत्रांत रुळला आहे, तरी त्यातला ‘रक्षक’ बचावाकडे ओढतो. इंग्लंडच्या जर्मेन पेनंटचं उदाहरण घ्या. हा उजव्या बगलेतून मुसंड्या मारणारा खेळाडू. त्याला मध्यरक्षक म्हटलं की चित्रच चुकतं. ‘मधल्या फळीतला’ म्हणावं.

पेनंटची कारकीर्द या शब्दासाठी पाहण्यासारखी आहे. नॉट्स काउंटीतून १९९९ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो आर्सेनलला गेला. २००७ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत तो लिव्हरपूलकडून खेळला. तेव्हा त्याला कुणी जर्नीमन म्हटलं नसतं. पुढे पोर्ट्समथ, सारागोसा, स्टोक, वुल्व्हज. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्याच हंगामात आपलं एफसी पुणे सिटी. मग विगन, सिंगापूरचा टॅम्पिनीज रोव्हर्स, बरी आणि शेवटी बिलरिकी टाउन. म्हणजे हा शब्द माणसाला जन्मभर चिकटवायचा नसतो, कारकिर्दीच्या एका टप्प्याला लावायचा असतो. नुसते क्लब मोजूनही भागत नाही. स्वीडनचा तारांकित आघाडीपटू इब्राहिमोविच यानं आयाक्स, युव्हेन्टस, इंटर, बार्सिलोना, मिलान असे कितीतरी क्लब केले. त्याला जर्नीमन म्हणणं चूकच.

अशा परिचयांत ‘लोन’ हमखास येतो. त्याचं ‘कर्जावर गेला’ केलं की वाचकाला खेळाडू कर्जबाजारी वाटतो. ‘उसना गेला’ म्हणावं, कारण उसनं घेतलेलं तेच परत करायचं असतं. पेनंट वॉटफर्ड आणि लीड्सला नुसता उसना गेला. बर्मिंगहॅम आणि स्टोकला आधी उसना, मग कायमचा. हा फरक भाषांतरात राहिला पाहिजे, नाहीतर एकाच क्लबशी त्यानं दोनदा करार का केला ते कळत नाही.

‘फ्री ट्रान्सफर’ची ‘मोफत बदली’ करू नये. आपल्याकडे बदली सरकारी नोकराची होते आणि ‘बदली खेळाडू’ म्हणजे राखीव बाकावरून मैदानात उतरणारा. शिवाय मोफत काहीच नसतं. करार संपलेला असतो, म्हणून जुन्या क्लबला रक्कम द्यावी लागत नाही. खेळाडू स्वतः सहीचे पैसे घेतोच. युरोपात ही मुभा युरोपीय न्यायालयाच्या १९९५च्या बोसमन निकालानं मिळाली आणि हा बेल्जियन बोसमनही मधल्या फळीतलाच. ‘करार संपल्यावर बिनशुल्क दाखल’ एवढं पुरे.

आकड्यांत एक सापळा आहे. इंग्रजी वार्षिकांत ‘३२ (५)’ म्हणजे ३२ सामने सुरुवातीपासून आणि ५ बदली म्हणून. विकिपीडियाच्या चौकटीत मात्र कंसात गोल असतात. आधी तक्त्याचं शीर्षक वाचावं, नाहीतर पाच वेळा बाकावरून उठलेल्या माणसाच्या नावावर पाच गोल जमा होतात.