दोन कवी-गायकांच्या रेडिओ गप्पा ध्वनिमुद्रित करताना काय सांभाळावं?
सगळ्यात आधी आवाजाची पातळी. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका ठेवा. अगदी समोर असला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवा आदळते. पातळी बोलण्यावर लावली तर तार सप्तकात, म्हणजे उंच सुरांत, आवाज फाटतो, आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत चढी ओळ गाऊन घ्या, मीटरवर आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. गप्पांखाली तानपुरा नको. संकलनात वाक्य कापलं की सूर तुटलेला ऐकू येतो.

अर्ध्या तासाला तीन रचना पुरेत. एकच ओळ आधी वाचायला, मग गायला सांगा, खरा आनंद इथेच आहे! मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात वृत्त घ्या: ‘लगागा’ (एक लघु, दोन गुरू अक्षरं) चार वेळा, म्हणजे ओळीत २० मात्रा, दहा मात्रांच्या झपतालाची नेमकी दोन आवर्तनं. वाचताना कवी अर्थाप्रमाणे थांबतो, गाताना समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, ओढला जातो. कोणता शब्द समेवर आणला आणि का, हे विचारा. ‘प्रेरणा कुठून मिळते?’ विचारलंत तर दोघंही पाठ असलेलं उत्तर देतील.