मका आणि हळद वाळवायला लाकडावर चालणारा ड्रायर घ्यायचाय, सरपण वापरू, ब्रिकेट की पेलेट? कुठलं परवडेल?

मी वसमतकडचा, हळद आणि थोडा मका करतो, आमच्या पाच जणांच्या गटात असाच एक ड्रायर आहे. तुमचा प्रश्न चांगलाय पण तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न म्हणजे मालातून पाणी किती काढायचंय, कारण मका आणि हळद यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ड्रायर विकणारा हे सांगत नाही.

आमचा हिशोब असा. एक किलो पाणी उडवायला साधारण 600 किलोकॅलरी लागतात, आणि भट्टी, पाईप, धुराडं यातून जी उष्णता वाया जाते ती धरली तर जाळलेल्यातली 40 टक्के कामाला आली तरी खूप झालं. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला 3500 ते 3800 किलोकॅलरी देतं. आता 24 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका 14 टक्क्यांवर आणायचा तर 11-12 किलोच पाणी जातं, म्हणजे 4-5 किलो लाकडात काम झालं. आणि दाणे काढल्यावर क्विंटलमागे जी मोकळी कणसं उरतात ती यापेक्षा कितीतरी जास्त भरतात! मक्यासाठी इंधन विकत घ्यायचंच नाही, कणसं ताडपत्रीखाली कोरडी ठेवा, बस्स.

हळदीचं उलटं आहे. पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळकी धरली तर चार क्विंटल पाणी उडवायचं, त्याला दीड क्विंटलच्या वर लाकूड लागतं, आणि शिजवायला बॉयलरखाली जे लागतं ते वेगळंच. आम्ही पहिल्या वर्षी हौसेने सगळी हळद ड्रायरमध्येच घातली आणि सरपणाचा ढीग बघता बघता संपला, घरचे अजून हसतात. आता शिजवलेली हळद आधी उन्हात टाकतो, तीन हिस्से पाणी ऊनच फुकटात काढतं, आभाळ आलं किंवा शेवटचं राहिलं तेवढ्यालाच ड्रायर. हवा 60 डिग्रीच्या वर जाऊ देत नाही, नाहीतर वरून टणक, आतून ओली अशी हळकुंडं होतात आणि रंग पण उतरतो. मका बियाण्याचा असेल तर 40 च्या आसपासच, नाहीतर उगवण गेली म्हणून समजा.

आता लाकूड. ओली बाभूळ तोडून तशीच जाळणं हा शुद्ध वेडेपणा (केलाय, म्हणून सांगतोय). निम्मं पाणी असलेलं लाकूड किलोला निम्मीच उष्णता देतं, कारण त्यात जळणारं लाकूडच निम्मं, त्यातलीही थोडी उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात जाते, वरून धूर आणि नळ्यांमध्ये डांबरासारखी काजळी, आमच्या तर आठ दिवसांत नळ्या इतक्या भरल्या की गरम हवाच येईना. फोडून निदान एक उन्हाळा वाळवा, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत. आणि आंबा, चिंच, जांभूळ असलं झाड बांधावरचं स्वतःचं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतं, परवानगीशिवाय हात लावू नका. बाभूळ, सुबाभूळ त्या यादीत नाही.

ब्रिकेट म्हणजे भुसा-भुसकट दाबून केलेल्या कांड्या, ती कशाची आहे ते आधी विचारा. लाकडाच्या भुशाची असेल तर राख कमी. सोयाबीनच्या भुसकटाची असेल तर राख जास्त आणि जाळीवर खंगर (राख वितळून झालेले दगडासारखे गोळे) धरतो, रोज सळईने फोडत बसावं लागतं. भाव टनावर बघू नका, किलोच्या भावाला किलोकॅलरीने भागा, मग कळतं कोण स्वस्त. आणि ब्रिकेटला पाणी लागलं की फुगून भुगा होतो, एका अवकाळीत आमची अर्धी थप्पी गेली. पेलेट म्हणजे तसेच दाबलेले पण बारीक तुकडे, त्याचा एकच मोठा फायदा, हॉपर (वरची टाकी) भरला की आपोआप पडत राहतं, तापमान एकसारखं राहतं, रात्री जागावं लागत नाही. पण त्याला सतत लाईट लागते. तशी ब्लोअरला कुठल्याही ड्रायरमध्ये लागतेच, आणि लाकडाच्या भट्टीत लाईट गेली तरी आग काही विझत नाही, ब्लोअर बंद, नळ्या लाल, आमची एक नळी अशीच वाकली. लाईट गेल्यावर गरम हवा बाहेर सोडायची झडप आहे का ते घेतानाच बघा.

एक गोष्ट मात्र सोडू नका, धूर मालाला लागता कामा नये. काही लोकल बनावटीच्या ड्रायरमध्ये भट्टीची हवा सरळ मालावर सोडतात, स्वस्त पडतो, पण हळदीला धुराचा वास बसला की व्यापारी वास घेऊनच भाव पाडतो, आणि एक्स्पोर्टच्या मालात धुरातले विषारी घटक लॅबमध्ये तपासतात. हीट एक्स्चेंजर असलेलाच घ्या, म्हणजे धूर नळ्यांच्या आतून जातो आणि मालाला फक्त नळ्यांवरून तापलेली स्वच्छ हवा लागते.

मी तुमच्या जागी असतो तर मका जास्त असेल तर कणसं आणि तुराट्या-पऱ्हाट्या चालतील अशी मोठ्या तोंडाची साधी भट्टी घेतली असती. पेलेटवाला मी तरी घेणार नाही, आमच्याकडे रात्रीची लाईट कशी असते ते तुम्हाला माहितीच असेल. तुमची हळद किती एकर आहे ते लिहा, मग साईजचं सांगतो.