पूलमध्ये चूक दिसली, तर डिस्क लगेच बदलायची का?

प्रश्न : घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस (फाइली साठवून ठेवणाऱ्या मशीनची प्रणाली) चालवतो. चार टीबीच्या चार डिस्क, रेड-झेड१ पूल, म्हणजे चारही मिळून एकच साठा; एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो. परवा 'अनरिकव्हरेबल एरर' असा इशारा आला. पूल 'ऑनलाइन' आहे, पण एका डिस्कसमोर चेकसमच्या रकान्यात १४ दिसतात. रीड आणि राइट शून्य. दुकानदार म्हणतो, डिस्क काढून नवी टाका. वडिलांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं याच पूलवर आहेत आणि मूळ कॅसेटी आता वाजत नाहीत. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्क आज काढू नका. आधी कीर्तनं एखाद्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क मशीनपासून सोडवून कपाटात ठेवा. कॅसेटी वाजत नसताना त्यांची एकच प्रत असणं, ही मला त्या इशाऱ्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट वाटते. चार डिस्क असल्या तरी ती प्रत एकच. चुकून डिलीट झालेली फाइल रेड-झेड परत देत नाही.

आता तो इशारा. ट्रूनॅस ज्या पद्धतीने फाइली साठवतं ती झेडएफएस. ते डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जपून ठेवतं आणि वाचताना पडताळतं. डिस्कने दिलेला मजकूर जुळला नाही की उरलेल्या डिस्कांवरून तो पुन्हा तयार करून जागेवर लिहितं. म्हणजे 'अनरिकव्हरेबल' हा शब्द भीतीदायक असला तरी तुमच्या १४ चुका बहुधा दुरुस्तही झाल्या आहेत. खात्रीसाठी 'झेडपूल स्टेटस' ही आज्ञा व्ही पर्याय जोडून चालवा. एखादी फाइल खरंच बिघडली असेल तर तिचं नाव तिथे येतं.

रीड-राइट शून्य आणि फक्त चेकसम वाढलेला, असं दिसलं की मी पहिला संशय डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या सेटा केबलवर घेते. कोकणच्या दमट हवेत जोडांच्या पट्ट्या गंजतात आणि जुन्या केबली सैलही पडतात. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट'चा तपशील उघडून १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे सीआरसी चुका (केबलीतून जाताना मजकूर बिघडल्याची मोजणी), पाहा. तो आकडा वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलीत किंवा जोडात आहे. मशीन बंद करून केबल बदला. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, तेव्हा आजचा लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढंच बघा. ५, १९७ किंवा १९८ क्रमांकाचे आकडे (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) वाढताना दिसले, तर मात्र डिस्कचा पृष्ठभागच खराब होतो आहे; मग दुकानदाराचं ऐका. चुका चारही डिस्कांवर विखुरल्या असत्या, तर मी रॅम आणि पॉवर सप्लाय तपासायला सांगितलं असतं.

केबल बदलल्यावर 'झेडपूल क्लिअर'ने आकडे पुसा आणि स्क्रब चालवा. स्क्रब पूलवरचा सगळा डेटा वाचून काढतो, थकलेल्या डिस्कवर त्याचा ताण येतो. म्हणूनच आधी प्रत काढायला सांगितलं.

डिस्क बदलायचीच वेळ आली, तर 'एसडीबी', 'एसडीसी' या मशीनने डिस्कांना दिलेल्या नावांवर विसंबू नका, मशीन परत सुरू केल्यावर ती बदलू शकतात. स्क्रीनवरचा सीरियल नंबर डिस्कच्या लेबलाशी जुळवा. रेड-झेड१ एकाच डिस्कची अनुपस्थिती सोसतं. आजारी डिस्क आत ठेवून चुकून धडधाकट काढली, तर पूल एका आजारी डिस्कच्या भरवशावर राहतो. नवी घेताना ती सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) असल्याची खात्री करा. वेस्टर्न डिजिटलच्या काही 'रेड' डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारच्या आहेत हे २०२० साली उघड झालं. तशी डिस्क, बदलीनंतर तिच्यावर डेटा पुन्हा भरताना फार रखडते. आणि मदरबोर्डवर एक सेटा पोर्ट मोकळा असेल तर जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच 'रिप्लेस' करा. तिच्यावर जे अजून शाबूत आहे, ते भरणीच्या वेळी झेडएफएसला वापरता येतं.